खाडाखोड प्रमाणित

चित्रकलेतलं मला कळतं, असं म्हणायला माझ्याकडे सरकारी कागद आहे. १९८५ साली मी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा 'ब' श्रेणीत उत्तीर्ण झालो. कला संचालनालयाचं ते प्रमाणपत्र जन्मदाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स यांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत आजही सुखरूप आहे. त्याआधी एलिमेंटरीला 'क' मिळाली होती. म्हणजे आलेख चढता होता. सरकारने तिसरी परीक्षा ठेवली नाही, त्याला मी काय करणार?

ही 'ब' कशी मिळाली तेही सांगून टाकतो. स्मरणचित्राला विषय कोणताही येवो, बाजार येवो, बसथांबा येवो, नाहीतर पाणवठा, मी माणसं पाठमोरी काढत असे. चेहरा जमत नाही ना, मग पाठ फिरवून उभं करायचं. पावलं जमत नाहीत, गवत वाढवायचं. हात जमत नाहीत, शाल पांघरायची. माझ्या चित्रातला भाजीबाजार गुडघाभर गवतात भरायचा आणि गिऱ्हाइकं ऐन मे महिन्यात शाली गुंडाळून, जगाकडे पाठ करून उभी असायची. आमचे ड्रॉइंगचे सर म्हणत, "गोखले, चित्र राहू दे, कागद स्वच्छ ठेव." कागद मी स्वच्छ ठेवला. आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखनाच्या पेपरात पट्टी लावून, दुहेरी रेघेत अशी ठोकळेबाज अक्षरं काढली की बाकीची गिऱ्हाइकं त्या अक्षरांच्या खांद्यावर बसून 'ब' श्रेणीत गेली.

पुढे २६ वर्षं एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागात काढली. तिथेही तेच. कागद स्वच्छ हवा. खाडाखोड झालीच, तर चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली छोटी सही. विनायक सदाशिव गोखले, म्हणून माझी छोटी सही 'व्ही. एस. जी.' आणि तपासणीची म्हणून शाई हिरवी. त्या तीन हिरव्या अक्षरांना एके काळी बारा शाखांचे व्यवस्थापक टरकून असत. आता सोसायटीचा सचिव म्हणून पाण्याच्या टँकरच्या पावत्यांवर मारतो.

एवढी पात्रता गाठीशी असताना माझ्या मुलीने अकरावीला चित्रकला हा विषय घेतला, तेव्हा मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

मुक्ताची शाळा आंतरराष्ट्रीय. नीलिमा, म्हणजे माझी बायको, तिथे गणित शिकवते म्हणून फी परवडते. एरवी त्या फीमध्ये मी आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा करून घेतलं असतं. (गच्ची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) २०२२च्या जुलैमध्ये मुक्ता एक जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याची, कोऱ्या पानांची वही घेऊन आली. म्हणाली, "हे वर्कबुक. दोन वर्षं हेच चालणार."

मी लगेच अभ्यासक्रम मागून घेतला. आयबी डिप्लोमाच्या त्या विषयात लेखी पेपर नाहीच. तेव्हा ४० टक्के गुण शेवटी मांडायच्या प्रदर्शनाला, २० टक्के इतर चित्रकारांच्या कामाच्या तौलनिक अभ्यासाला आणि उरलेले ४० टक्के पोर्टफोलिओला. आणि पोर्टफोलिओ कशाचा, तर कामाच्या प्रक्रियेचा. चित्र कसं झालं, कुठून सुचलं, काय करून पाहिलं, काय फसलं, फसल्यावर काय केलं. या वहीतली निवडक पानं घेऊन वरच्या पातळीला १३ ते २५ स्क्रीनचा पोर्टफोलिओ करायचा. वहीला स्वतःला गुण नाहीत, पण वहीत नसेल तर पोर्टफोलिओत कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात. एवढं मला कळलं. 'काय फसलं' हे दोन शब्द तेवढे मी छपाईची चूक समजून सोडून दिले.

त्याच रात्री नियोजन केलं. १०४ आठवडे. त्यातून परीक्षा, गणपती, दिवाळी, आजारपण वजा जाता ७८. आठवड्याला तीन पानं, म्हणजे २३४. एक्सेलमध्ये रकाने पाडले: कल्पना, कच्चं काम, पक्कं काम, तपासणी, शेरा. कल्पना सुचायला वेळ लागतो हे गृहीत धरून 'प्रेरणा' या बाबीसाठी शनिवार सायंकाळ ५ ते ६ राखून ठेवली. प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली.

नीलिमाने चष्मा वर करून वाचलं. "शनिवारी पाच ते सहा पाणी येतं," एवढंच म्हणाली.

मुक्ता म्हणाली, "बाबा, वर्कबुकमध्ये पक्कं काम नसतं."

पोर लहान आहे, कळेल हळूहळू, असं म्हणून मी प्रेरणा सहा ते सातवर नेली.

मुक्ताला प्रेरणा मात्र मंगळवारी आली, आणि तीसुद्धा आमच्या बेडरूमच्या छतातून. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. कोथरूडमधली २८ बिऱ्हाडांची जुनी इमारत, आणि पावसाळा लागला की कपाटावरच्या कोपऱ्यात ओल उतरते. आधी पिवळसर छटा, मग तपकिरी कड, मग रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि पाऊस उघडला की त्यावर पांढरा लोणा फुलतो. ही ओल म्हणजे माझ्या सचिवपदाच्या कारकिर्दीवरचा डाग होता, अगदी शब्दशः. मुक्ताने तोच विषय घेतला.

"ओल?" मी म्हणालो. "लोक फुलं काढतात, गड काढतात. तू गळती काढणार? उद्या मॅडमना कळेल की गोखल्यांचं घर गळतं."

"लिओनार्दोने सांगून ठेवलंय," ती म्हणाली. त्याने चित्रकारांना डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसायचा सल्ला दिला होता म्हणे. बघता बघता त्यात डोंगर, नद्या, लढाया, माणसांचे चेहरे दिसायला लागतात. पाचशे वर्षांपूर्वीचा सल्ला. लिओनार्दोला सोसायटीची वार्षिक सभा घ्यावी लागत नव्हती, एवढंच मी बोललो आणि गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर त्या रात्री पडल्या पडल्या मीही पाहिलं. मला श्रीलंका दिसली. दुसऱ्या दिवशीही श्रीलंकाच. शाळेत नकाशे भरण्यापलीकडे कल्पनाशक्तीला कामच दिलं नव्हतं, ती तरी काय करणार.

पहिले काही दिवस मी वहीला फक्त बाहेरून हात लावला. खाकी कव्हर घातलं, वर नाव, इयत्ता, विषय. मग आत पानांना आकडे घातले. मग समास आखले, डावीकडे चार सेंटिमीटर. मुक्ताने ते पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून समासात चहाचे थेंब पाडून वाळवायला सुरुवात केली. कागदावर ओल कशी पसरते आणि कड का गडद होते, ते बघायचं होतं तिला. (थेंब वाळताना आतला रंग पाण्याबरोबर कडेला ओढला जातो आणि तिथेच साठतो. भिंतीचंही तसंच. पाणी विटांमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं, क्षार राहतात. तोच लोणा. हे मला माझ्या मुलीच्या वहीच्या समासातून कळलं. वीस वर्षं मी त्या लोण्यावर नुसता ब्रश मारत होतो.)

ऑगस्टच्या मध्यात एक दिवस ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी टाकून झोपायला गेली. मी पाणी प्यायला उठलो होतो. पान पाहिलं आणि पोटात कालवलं. एकाच आकाराभोवती रेघाच रेघा. मोजल्या तर चौदा. काही पुसट, काही गडद, एकमेकींना कापत गेलेल्या, आणि प्रत्येकीला मुंगीएवढे काही आकडे चिकटलेले. पोरीला आकार जमत नव्हता. सहा आठवडे झटत होती आणि बापाला विचारायचा धीर होत नव्हता.

मी खोडरबर घेतलं.

आता वाटतं, तेव्हाच लाइट जायला हवे होते. तेरा रेघा मी खोडल्या. चौदावी ठेवली, जी श्रीलंकेशी जास्तीत जास्त जुळत होती ती. टोकदार पेन्सिलने गडद केली. आकडे साफ केले. कागदावर फुंकर मारून रबराचा चुरा झटकला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पट्टी लावून, दुहेरी रेघेत, सुबक शीर्षक काढलं: 'डाग'. ३७ वर्षांनंतरही हात बसलेला होता. रात्री पावणेदोनला समाधानाने झोपलो.

सकाळी मुक्ता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पान उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "बाबा, तारखा कुठे आहेत?"

"कसल्या तारखा?"

तो डाग होता, आणि त्या रेघा चुकलेल्या नव्हत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून दर तिसऱ्या दिवशी ती खुर्चीवर चढून भिंतीवरच्या ओलीची कड मोजत होती आणि त्या दिवसाची रेघ तारखेसकट त्याच पानावर काढत होती. पाऊस पडला की डाग वाढे, उघडला की आक्रसे. त्या पानावर एक सबंध पावसाळा होता. मी त्यातला एक दिवस ठेवला, तोही माझ्या मताने.

"एकाच जागी चौदा वेळा चुकलीस असं वाटलं गं," मी म्हणालो.

तिने कोळशाची कांडी आडवी धरली आणि पानावरून हलकेच फिरवली. रेघ खोडली तरी पेन्सिलीच्या दाबाने कागदात पडलेली चरी तशीच राहते. कोळसा वर वर बसतो, चरीत उतरत नाही. काळ्यावर पांढऱ्या रेघा एकेक करून वर यायला लागल्या. तेरापैकी नऊ परत आल्या. मी "बघ, काही बिघडलं नाही" असं म्हणणार होतो, पण नीलिमा माझ्याकडे बघत होती. गणिताची बाई, तेरातून नऊ गेले की किती उरतात हे तिला मी सांगायची गरज नव्हती. 'डाग' ही अक्षरं मात्र कोळशातून ठळक उठून दिसली. अक्षरलेखन माझं जातिवंतच.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी यातून धडा घेतला, आणि धडा घेतलेला माणूस जास्त घातक असतो. माझा धडा असा: खोडायचं नाही. चूक वाचता आली पाहिजे. म्हणजे हे तर आपल्या बँकेचंच तत्त्व! एकच आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती. राहिली फक्त एक त्रुटी. वहीभर पोरीने इतकी काटाकाट केली होती आणि एकाही दुरुस्तीखाली सही नव्हती. त्यातच अभ्यासक्रमात वाचलं की हे काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे याची खातरजमा शिक्षकांना करावी लागते. मी म्हटलं, कशी करणार बिचाऱ्या? उद्या कुणी विचारलं, ही रेघ केव्हा मारली, कुणी मारली, तर पुरावा काय?

सप्टेंबरात पालकसभा होती. आदल्या रात्री वही दप्तरात भरलेली होती. ती मी बाहेर काढली, हिरवं पेन घेतलं आणि तपासणी पुरी केली. ३७ पानं, ११२ दुरुस्त्या, प्रत्येकीखाली व्ही. एस. जी. आणि तारीख. शेवटच्या पानावर 'खाडाखोड प्रमाणित' असं लिहून पूर्ण सही करणार होतो, पण म्हटलं शिक्का नाही, राहू दे.

आर्टच्या मॅडम तरुण होत्या, नखांत निळा रंग होता. वही चाळता चाळता त्यांचा चेहरा खुलत गेला. त्या चहाच्या थेंबांपाशी थांबल्या, कोळशाच्या पानापाशी तर फारच रेंगाळल्या. मग म्हणाल्या, "आणि मुक्ता, ही हिरवी व्ही. एस. जी. मला खूपच आवडली. फार सूक्ष्म विनोद आहे."

मुक्ताने वहीत डोकावलं. तिलाही ती सही तेव्हाच दिसत होती.

मॅडम आमच्याकडे वळल्या. मुक्ता तौलनिक अभ्यासात वासुदेव गायतोंडे घेते आहे, हे आम्हाला ठाऊक असेलच. व्ही. एस. गायतोंडे. जन्म १९२४चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे.त. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. रंगावर रंग चढवायचे, रोलर फिरवायचे, कागद दाबून ओला रंग उचलायचे, पुन्हा चढवायचे. रंगाच्या त्या थरांतून काहीतरी तरंगत वर आल्यासारखं दिसतं. न्यू यॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन केलं, त्याच्या नावातच 'प्रक्रिया' हा शब्द होता. "तर मुक्ताने काय केलंय," मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या प्रत्येक चुकीखाली गायतोंडेंची सही केली आहे. जणू ते शेजारी उभे राहून म्हणताहेत, असू दे, राहू दे ही. तेही हिशेबनिसाच्या हिरव्या शाईत! हे पोर्टफोलिओत घ्यायलाच हवं."

खोलीत दोन-तीन सेकंद शांतता पसरली. मुक्ता माझ्याकडे बघत होती. नीलिमाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो ठेवूनच दिला. दोन-तीन सेकंद गप्प बसायला काही लागत नाही. चित्रातली माझी माणसं तर आयुष्यभर पाठ करून गप्प उभी होती.

"नाही नाही," मी म्हणालो, "ती माझी सही. विनायक सदाशिव गोखले."

आणि वर हसलो.

मॅडमनी वही मिटली. मग अगदी हळुवार आवाजात, डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "आणखी काय काय तुमचं आहे यात?"

२६ वर्षं मी लोकांना हा प्रश्न विचारत आलो. तो कुणी मला विचारला की मी खोटं बोलू शकत नाही. समास माझे, पानांचे आकडे माझे, कव्हर माझं, 'डाग' हे शीर्षक माझं, श्रीलंका माझी. हवं असेल तर मी तसं लेखी देतो, असंही म्हणालो. त्यांना लेखी नको होतं. माझा हात लागलेली पानं तशीच मुलीची म्हणून पाठवता येणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. ज्या सहीने मी खातरजमा करून दिली, तिनेच ३७ पानं संशयास्पद ठरवली होती. तपासणी विभागात याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

रिक्षात बराच वेळ कुणी बोललं नाही. कर्वे पुतळ्यापाशी नीलिमा म्हणाली, "अहो, गप्प बसून मोठेपणा मिळवायची आयुष्यात एकदाच संधी आली होती तुम्हाला."

घरी पोचल्यावर मुक्ताने अट घातली. "बाबा, तू वहीला हात लावायचा नाही. उघडायची नाही, झाकायची नाही, उचलून दुसरीकडे ठेवायचीही नाही." मी शब्द दिला. आणि तो मी पाळला, हे कृपया लक्षात घ्यावं. पुढे जे झालं त्यात मी वहीला बोट लावलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी वाईला आजीकडे गेल्या होत्या. मला अपराधी वाटत होतं आणि रिकामा वेळ होता. माझ्याबाबतीत हे दोन एकत्र येऊ देऊ नयेत. फ्रिजवरच्या तक्त्यात पाहिलं: 'विषय: ओल. १५ सप्टेंबर: पूर्ण.' तक्ता मीच केलेला. मी विचार केला, आता चित्रं काढून झाली, आमच्या उशाशी ती ओल कशाला? सोसायटीने त्याच महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. जुना कोबा फोडून नवा, वर रसायनाचे दोन हात, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांची गॅरंटी. मी त्याच ठेकेदाराची दोन माणसं घरात लावली. त्यांनी पोपडे खरवडले, लांबी भरली, घासकागद मारला, प्रायमर, वर दोन हात. तीन दिवसांत भिंत अशी झाली की डोळे दिपावेत. कागद स्वच्छ.

मुक्ता दारातून थेट खोलीत गेली. तिच्या हातात आजीकडून आणलेले रिकामे काजूकतलीचे डबे होते, चार. आतून कापूस लावलेला. मग कळलं ते असं: वरच्या पातळीला निरनिराळ्या प्रकारांत काम करावं लागे, सपाट चित्रांबरोबर तिला घडीव कामही करायचं होतं. त्यासाठी ती पोपडे पिकायची वाट बघत होती. पाऊस संपून भिंत वाळली की ते अख्खे, पदरासकट सुटतात. जपून काढायचे, क्रमाने लावायचे, आणि २० वर्षांत आम्ही त्या भिंतीवर मारलेल्या रंगांचे थर कडेने दाखवायचे. खाली पिस्ता, वर क्रीम, त्यावर तो माझ्या बढतीच्या वर्षीचा मोरपंखी.

"पोपडे कुठे टाकले त्यांनी?" तिने विचारलं.

इमारतीच्या मागच्या बाजूला सगळ्या सोसायटीचा राडारोडा पडलेला होता, उचलणारा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. सकाळी सहाला मी वॉचमनची बॅटरी, स्वयंपाकघरातला झारा आणि चार डबे घेऊन ढिगावर चढलो. फोडलेला कोबा, विटा, कुणाचं तरी फुटकं सिंक. दोन तास उकरलं. सकाळी फिरायला निघालेल्या एकूण सात सभासदांनी मला पाहिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या लेलेबाईंनी थांबून विचारलं, "सेक्रेटरी, काही हरवलं का?"

"पोपडे," मी म्हणालो.

त्यानंतर महिनाभर लेलेबाई माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायच्या.

दोन डबे भरून आणले. मुक्ताने एकेक पोपडा उचलून उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. शेवटी म्हणाली, "बाबा, हे आपले नाहीत. हे गुलाबी आहेत." एका पोपड्याला तर बाथरूमची टाइल चिकटलेली होती. आमचे असे तिला तीनच मिळाले, एक जेमतेम बोटाएवढा, पण त्यात पिस्ता होता. तिने ते कापसावर ठेवले. मग माझ्याकडून रंगाचं शेडकार्ड आणि मजुरीचं बिल मागून घेतलं आणि वहीत नव्या पानावर चिकटवलं. त्या पानावर दुसरं काहीच नव्हतं. त्याला समासही नव्हता. सही मागितली नाही, मीही केली नाही.

राहिलेलं काम पुढच्या पावसाळ्यात करू, असं मॅडमनी तिला सांगितलं. भिंत आहे, ओल आहे, वर्ष हातात आहे.

ओल कुठे होती? तीच तर मी दहा वर्षांसाठी बंद केली होती.

त्या वर्षी मी प्रथमच एका ठेकेदाराच्या अप्रामाणिकपणावर मनापासून भिस्त ठेवली. जूनपासून रोज सकाळी उठून कपाटावरचा कोपरा बघायचो. २०२३चा पाऊसही असा की येता येईना. मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, २५ जूनला. जुलैचा पहिला आठवडा गेला, भिंत कोरडी. दुसरा गेला. रात्री उठून हाताने चाचपून बघायचो. गच्चीवर जाऊन कोब्यावरून फिरायचो, टाचेने दाबून. माणूस कामात चोख निघाला की काय, या धास्तीने झोप उडाली. नीलिमा म्हणाली, "वर बादली ओतून बघा." मी बघितलं होतं. दोन.

१८ जुलैला अधिक श्रावण लागला. अधिक महिन्यात केलेलं दान दुप्पट पावतं म्हणतात. आईने वाईहून ३३ अनारसे पाठवले, जावई नसल्यामुळे मीच खाल्ले. आठवडाभर झड लागली. आणि एका पहाटे पावणेसहाला डोळे उघडले तर कोपऱ्यात, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, पिवळसर छटा. आठाण्याएवढी.

"आली!" मी ओरडलो.

नीलिमा दचकून उठली. "कोण आली?"

मुक्ता खुर्ची घेऊन आली. पेन्सिल कानावर, वही काखेत. तिने कड मोजली, पहिली रेघ काढली, शेजारी तारीख घातली. मी हात पाठीमागे बांधून दारात उभा होतो. यंदा तो डाग श्रीलंकेसारखा नव्हता. कशासारखाच नव्हता.

ऑगस्टात ठेकेदार आपणहून आला. खालच्या मजल्यांवरून त्याला कुणीतरी फोन केला असावा. "सेक्रेटरीसाहेब, गॅरंटीत आहे, उद्याच माणसं लावतो," म्हणाला. मी त्याला बसवलं, चहा दिला, उरलेला अनारसा दिला. म्हटलं, घाई नाही, दिवाळीनंतर सावकाश बघू. पोपडे जरा पिकू देत. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं.

तो गेला आणि दहा मिनिटांनी लेलेबाई आल्या. तणतणतच. त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, मोठी ओल उतरली होती, आणि सचिव म्हणून मी काय करतो आहे, असा त्यांचा सवाल होता. मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग गेलो. पाहिलं. आमच्यापेक्षा कितीतरी सरस होती. कड दुहेरी, मध्ये लोण्याची नक्षी, खाली एक ओघळ थेट खिडकीपर्यंत.

त्या फडकं ओलं करून घेऊन आल्या होत्या.

"अहो, पुसू नका," मी म्हणालो. "थांबा, मुक्ताला बोलावतो."